बाजारभाव छापून येतो, पण तो कोणत्या मालाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर रोज बाजारभावांची एक चौकट असते. बाजार समितीचे नाव, आवक, किमान भाव, कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव असे तिचे रकाने असतात. नाशिक जिल्ह्यातील एका बाजार समितीत लिलाव लिपिक म्हणून बावीस वर्षे नोकरी करताना अशा चौकटींत जाणारे आकडे मी स्वतः लिहीत होतो. निवृत्तीनंतर अडीच एकरांत कांदा आणि मका घेतो, त्यामुळे आता तेच आकडे सकाळच्या चहाबरोबर वाचतो. लिहिणारा आणि वाचणारा अशा दोन्ही बाजूंनी हा आकडा पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, लहान शेतकऱ्यापर्यंत बाजाराची माहिती पोहोचत नाही ही तक्रार आता शिळी झाली. माहिती पोहोचते, परंतु गाडी भरायची की नाही आणि भरली तर कोणत्या बाजाराला न्यायची, हे ठरवताना तिचा त्याला उपयोग होत नाही.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते सहसा ठाऊक नसते. आमच्याकडे कांदा गोणीत न भरता ट्रॅक्टर किंवा पिकअपमध्ये मोकळा आणतात आणि लिलाव वाहनागणिक होतो. व्यापारी, त्यांच्यामागे पुकारा करणारा आणि त्याच्यामागे वही घेतलेला लिपिक अशी वरात एका वाहनावरून दुसऱ्यावर सरकते. एका वाहनाला अर्धा-पाऊण मिनीट मिळतो. त्यात गोल्टी म्हणजे बारीक कांदा असतो, डागी माल असतो, एखाद्याने निवडून आणलेला एकसारखा कांदा असतो. सत्र संपले की किमान आणि कमाल हे दोन आकडे वहीत सरळ सापडतात. तिसरा, म्हणजे सर्वसाधारण भाव, हा खरे तर ज्या भावाने सर्वाधिक माल विकला गेला तो भाव असायला हवा. शेकडो नोंदी मांडून तो काढायला जो वेळ लागतो तो दुपारच्या सत्राची घंटा होण्यापूर्वी मिळत नाही. म्हणून वहीवर नजर फिरवून, कालच्या आकड्यात पन्नास-शंभर इकडेतिकडे करून तो लिहिला जातो. मीही तसा लिहिला आहे, आणि त्यात लबाडी नव्हती, तरी तो अंदाजच होता, हे कबूल केले पाहिजे. तोच अंदाज पुढे पणन मंडळाच्या संकेतस्थळावर, २००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर आणि आपल्या चौकटीत दोन आडव्या रेघांमध्ये छापला की वेदवाक्य होऊन बसतो.

किमान आणि कमाल भावांचे तर त्याहून विचित्र आहे. कमाल भाव अनेकदा एकाच वाहनाचा असतो. नव्या मालाच्या मुहूर्ताला चार-सहा क्विंटलांना कौतुकाने चढा भाव मिळतो, हारतुरे होतात, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो तो हाच ‘हायेस्ट’. तो वाचून शहरातला ग्राहक शेतकऱ्याला मालामाल समजतो आणि शेजारच्या तालुक्यातला शेतकरी भाडे खर्चून त्या बाजाराला जातो, तेव्हा त्याच्या मालाला त्या ‘हायेस्ट’च्या निम्माही भाव मिळत नाही. तो परत येतो तो फसवले गेल्याच्या भावनेने. वस्तुतः त्याला कोणी फसवलेले नसते, त्याने वाचलेला भाव त्याच्या मालाचा नव्हताच. आपल्या वार्ताहरांना हात जोडून सांगणे आहे की, मुहूर्ताचा भाव जरूर छापावा, पण त्यापुढे तो किती क्विंटलांना मिळाला हेही छापावे.

यात आणखी एक खाच आहे. वहीत लिहिला जातो तो पुकाऱ्याचा भाव, शेतकऱ्याच्या हाती पडतो तो विक्रीनंतर मिळणाऱ्या हिशोब पट्टीवरचा. लिलाव झाल्यावर वाहन व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, तिथे माल खाली होताना तळाचा कांदा वरच्यासारखा नाही असे व्यापाऱ्याचे म्हणणे पडले की वांधा उभा राहतो. तो मिटवायला बाजार समितीत वांधा समिती असते. पण अर्धा माल जमिनीवर, ट्रॅक्टरवाल्याची घाई आणि घरी परतायचे चाळीस किलोमीटर, अशा स्थितीत शेतकरी क्विंटलमागे शंभर-दीडशे सोडून मोकळा होतो. हे सोडलेले पैसे कुठल्याच बाजारभावात दिसत नाहीत. कधी व्यापाऱ्याची तक्रार खरीही असते, कारण वर चांगला आणि तळाला हलका माल भरणारे आमच्यातही आहेत. मुद्दा असा की, लिलावाचा भाव आणि चुकता झालेला भाव यांतील फरक रोज नोंदवला गेला, तर कोणत्या बाजारात तो किती पडतो हे उघड होईल, आणि माझ्या मते शेतकऱ्याला जी माहिती सर्वांत अधिक हवी आहे ती हीच.

कपातींचेही तेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याची पट्टी झाली, भाव किलोला एक रुपया लागला, आणि मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ती बातमी देशभर गाजली. तिच्यावर हळहळ पुष्कळ झाली, पण त्या दिवशीच्या बाजारभावात तो व्यवहार क्विंटलला शंभर रुपये असाच नोंदला जाणार, ‘दोन रुपये’ हा आकडा त्या रकान्यांत कधीच येणार नव्हता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करताना आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. तरीही हमाली, तोलाई आणि वाराई (मालाच्या चढ-उताराची मजुरी) यांचा वाद संपला नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये याच कपातीवरून नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. सोलापूरला गोणीतला माल आडत्यामार्फत विकला जातो, लासलगावला मोकळा कांदा थेट लिलावात. दोन्हीकडची कपात वेगळी, बारदानाचा खर्च वेगळा, निवडाईची मजुरी वेगळी. आपल्या चौकटीत मात्र हे दोन्ही भाव एकाखाली एक असे बसतात, जणू ते एकाच मापाने मोजलेले आहेत.

समजा, माझ्याकडे वीस क्विंटल कांदा आहे, जवळच्या बाजारात सर्वसाधारण भाव १,३०० आहे आणि दूरच्या बाजारात १,४५०. कागदावर दूर जाण्यात तीन हजारांचा फायदा दिसतो. वाढीव भाडे, एक दिवसाची मजुरी, गाडी आदल्या रात्री लावावी लागल्यास मुक्काम आणि तिकडे ओळख नसल्याने वांध्यात सुटणारे पैसे धरले की तो फायदा पुसला जातो, प्रसंगी पदरचे पैसे जातात. ज्याच्याकडे दोनशे क्विंटल आहेत त्याचे गणित वेगळे. तो चार वाहने चार बाजारांना पाठवून पाहू शकतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे बहुसंख्य शेतकऱ्यांकडे हंगामात दोन-तीन वाहनांइतकाच माल निघतो, आणि त्यांना चुकण्याची मुभाच नसते.

हे केवळ माझे अनुभवाचे बोल नाहीत. रॉयटर्स मार्केट लाइट ही मोबाइल संदेशाद्वारे बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला देणारी सेवा २००७ मध्ये आपल्याच राज्यात सुरू झाली. तिचा परिणाम मार्सेल फॅफचॅम्प्स आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत तपासला आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना संदेश मिळत होते आणि ज्यांना मिळत नव्हते, त्यांना मिळालेल्या भावात सांगण्याजोगा फरक आढळला नाही. पश्चिम बंगालमध्ये हुगळी आणि मेदिनीपूर भागांतील बटाटा उत्पादकांना रोजचे घाऊक भाव गावातील फलकावर आणि फोनवर कळवण्याचा प्रयोग झाला, तिथेही सरासरी भावात वाढ झाली नाही, कारण तो शेतकरी घाऊक बाजारात स्वतः विकूच शकत नव्हता. गावात येणाऱ्या फडियालाच, म्हणजे मध्यस्थ व्यापाऱ्यालाच, माल देण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. भाव ठाऊक असून माल त्याच माणसाला द्यायचा असेल, तर ती माहिती फार तर झोप उडवते.

याउलट दोन ठिकाणी फायदा झाला, आणि तो का झाला हे पाहण्यासारखे आहे. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइलचे मनोरे उभे राहत गेले, तसे तारली पकडणारे मच्छीमार समुद्रातूनच किनाऱ्यांवरचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासानुसार त्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने मासळी फेकून देणे जवळपास थांबले. पण होडी फिरवून दुसऱ्या किनाऱ्याला लावणे त्यांच्या हातात होते, आणि माल डोळ्यांसमोर एकाच जातीचा होता. मध्य प्रदेशात २००० नंतर आयटीसी कंपनीने गावोगावी संगणक केंद्रे उभारली, तेव्हा सोयाबीनचा भाव आसपासच्या मंड्यांत एक ते तीन टक्क्यांनी वधारला असे अपराजिता गोयल यांनी दाखवले. तिथेही भाव दाखवणाऱ्या पडद्यामागे माल विकत घेणारा दुसरा गिऱ्हाईक उभा होता, ओलावा मोजण्याचे यंत्र होते आणि त्या दिवशीचा भाव आदल्या संध्याकाळीच जाहीर होत असे. आफ्रिकेतील नायजरमध्ये मोबाइल आल्यावर बाजारा-बाजारांतील धान्यभावाची तफावत १० ते १६ टक्क्यांनी कमी झाली, हे जेनी एकर यांचे संशोधनही नेहमी पुढे केले जाते. तिथे फोन हातात घेऊन बाजार धुंडाळणारे प्रामुख्याने व्यापारी होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

आता आपल्याकडची सोयाबीनची गोष्ट घ्या. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ही माहिती शेंबड्या पोरालाही होती. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, परतीच्या पावसाने भिजलेल्या मालात ती साधणे कठीण, म्हणून अनेकांनी हमीभावाच्या कितीतरी खाली बाजारात माल घातला. केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता. तोवर ज्याला रब्बीच्या बियाण्याला पैसे हवे होते त्याचे सोयाबीन विकून झाले होते. इथे शेतकऱ्याला भाव माहीत होता. माहीत नव्हते ते आपल्या पोत्यातल्या मालाचा ओलावा किती आहे, आणि तो घरी तपासायचे साधन त्याच्याकडे नव्हते. गावातल्या विकास सोसायटीत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत ओलावामापक ठेवला, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने तो नव्या अ‍ॅपपेक्षा अधिक माहिती देईल, असे मी जबाबदारीने म्हणतो.

सरकारी निर्णयांची बातमी हीही बाजाराची माहितीच, आणि ती सर्वांत उशिरा शेतकऱ्यालाच मिळते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले, आणि ७ डिसेंबरला अधिसूचना निघून ८ तारखेपासून निर्यातबंदी झाली. ७ तारखेच्या संध्याकाळी ज्यांनी ट्रॅक्टर भरले होते ते सकाळी बाजारात पोहोचले तेव्हा भाव कोसळले होते. ज्याने आधीच्या आठवड्यातील सर्वसाधारण भावाचा आलेख काढून विक्री ठरवली, तो आणि ज्याने काहीच पाहिले नाही तो, दोघेही त्या दिवशी सारखेच बुडाले. निर्यातीचे धोरण हंगामाच्या तोंडाशी जाहीर करावे आणि ते अमुक तारखेपर्यंत बदलणार नाही असे सांगावे, ही मागणी शेतकरी संघटना फार वर्षे करीत आल्या आहेत. बाजार माहितीच्या योजनांवर बोलणारे तज्ज्ञ तिला आपल्या विषयातील मानत नाहीत याचे मला आश्चर्य वाटते.

पेरणीच्या वेळी लागणारी माहिती तर जवळजवळ नाहीच. गेल्या वर्षीचा भाव पाहून यंदाची लागवड होते. एका वर्षी टोमॅटोचे पैसे झाले की पुढच्या हंगामात रोपवाटिकांपुढे रांगा लागतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे, तिच्यात शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून आपले पीक आणि क्षेत्र नोंदवतो. २०२३ मध्ये कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान देताना याच नोंदीचा आग्रह धरला गेला. म्हणजे अनुदान नाकारण्याच्या वेळी ही नोंद कामाची ठरते. मग तिच्यातून तालुकावार किती एकरांवर रांगडा (उशिराच्या खरिपाचा) आणि किती एकरांवर उन्हाळ कांदा लागला, हे दर पंधरवड्याला सोप्या तक्त्यात का मिळू नये? माहिती शेतकऱ्याने दिली, ती साठली सरकारकडे, आणि अंदाज बांधून त्यावर व्यापार करतात ते तिसरेच.

माहितीला जोड लागते ती थांबण्याच्या ताकदीची. कांदाचाळ ज्याच्याकडे आहे तो उन्हाळ कांदा काही महिने ठेवू शकतो, तेही घट, सड आणि कोंब सोसून. सोयाबीन, तूर यांसारख्या मालावर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळते. योजना उत्तम आहे, पण बाजार समितीच्या आवारात शंभर शेतकऱ्यांना विचारले तर किती जणांना तिची अट सांगता येईल, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा विचारून पाहावे. आडत्याची उचल ज्याच्या अंगावर आहे त्याच्या बाबतीत तर सगळेच बोलणे खुंटते. त्याचा माल कुठे जाणार हे पेरणीच्या आधीच ठरलेले असते.

ई-नाम, म्हणजे बाजार समित्या संगणकाने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेचा आरंभ १४ एप्रिल २०१६ रोजी झाला. मालाच्या प्रत्येक ढिगाची प्रतवारी करून, त्या प्रतीसह बोली लावायची, ही तिची कल्पना मला पहिल्या दिवसापासून पटली, कारण भावाला प्रत चिकटवण्याची ती पहिली गंभीर तजवीज होती. मात्र प्रयोगशाळेत नमुना तपासायला लागणारा वेळ आणि आवारात उभी वाहने यांचा मेळ अनेक ठिकाणी बसलेला नाही. तिथे लिलाव जुन्याच रीतीने उरकून नोंद मागाहून संगणकावर चढते. प्रतवारीला यंत्रच हवे असेही नाही. कांद्याचे आकारमान तारेच्या कडीने मोजता येते, एवढे आमच्या पोरींनाही येते. त्याच तर चाळीत बसून निवडाई करतात. जाता जाता याबद्दलही दोन शब्द. भाव कळवणारा फोन बहुतेक घरांत पुरुषाच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, आणि कांदा कधी काढायचा, कोणता बाजूला ठेवायचा हे ठरवणारी बाई मात्र त्या संदेशापासून दूर राहते. आकाशवाणीवर बाजारभाव लागायचे तेव्हा ते निदान सगळ्या घराला ऐकू येत होते.

बाजार समित्यांकडून काय व्हावे, याविषयी माझे म्हणणे साधे आहे. लिलावाच्या नोंदी आता बऱ्याच ठिकाणी संगणकात आहेत. त्यातून किमान आणि कमाल यांऐवजी, कोणत्या भावगटात किती वाहने विकली गेली, हे रोज सांगता येईल: ८०० ते १,००० मध्ये इतकी, १,००० ते १,२०० मध्ये इतकी. आपला माल कोणत्या प्रतीचा आहे हे शेतकऱ्याला मनातून ठाऊक असते, तो त्या तक्त्यात आपली जागा अचूक शोधील. सोबत वांध्यात सरासरी किती तुटले आणि एका क्विंटलला एकूण कपात किती झाली, हे दोन आकडे असावेत. आणि सकाळी दहाच्या सुमारास, पुढची वाहने गावातून निघण्यापूर्वी, आवारात किती वाहने लागली आहेत तेवढे कळवावे. मार्चअखेरीस किंवा अन्य कारणाने लिलाव बंद राहणार असतील तर ते किमान दोन दिवस आधी. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. आपली बाजारभावांची चौकट इतक्या वर्षांत बदललेली नाही. तिची जागा वाढवता येणार नसेल तर वीस बाजारांऐवजी पाचच घ्या, पण त्यांपैकी एकाची तरी खरी हिशोब पट्टी, शेतकऱ्याचे व व्यापाऱ्याचे नाव झाकून, रोज छापा: पुकाऱ्याचा भाव, वांध्यानंतरचा भाव, वजन, हमाली, तोलाई, भाडे आणि हाती आलेली रक्कम. सुरुवातीला कोणी पट्टी देणार नाही असे वाटत असेल, तर माझ्या गेल्या हंगामातील अकरा पट्ट्यांच्या छायाप्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. त्यांतील तिसरी आणि सातवी एकाच दिवसाची, एकाच शेतातील कांद्याची आहे.

कळावे,
आपला,
एक कांदा उत्पादक, निवृत्त लिलाव लिपिक
ता. येवला, जि. नाशिक